राऊटर बसवण्याआधी कोणती माहिती जमवावी?

१ एप्रिल २०१८ पासून ५० हजार रुपयांवरचा माल परराज्यात पाठवायचा तर ई-वे बिल लागते. इंटरनेट बंद पडले की ट्रक उभा राहतो आणि सणाच्या तोंडावर गिऱ्हाईक दुसऱ्या पेढीकडे वळते. आम्ही कापडवाले ठाण मोजल्याशिवाय, पन्हा पाहिल्याशिवाय सौदा करीत नाही. राऊटर बदलतानाही हाच रिवाज ठेवावा.

पहिली चौकशी कनेक्शन देणाऱ्याकडे करावी. लाइन पीपीपीओई आहे, डीएचसीपी आहे, की स्टॅटिक आयपीची? आपल्या बाजारात बहुधा पीपीपीओई आढळते. तिला युजरनेम व पासवर्ड लागतो. हा पासवर्ड वाय-फायचा नव्हे, आणि राऊटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचाही नव्हे. तिन्ही वेगळे आहेत, आणि बहुतेकांची गल्लत येथेच होते. जुन्या राऊटरमध्ये तो ठिपक्यांआड झाकलेला असतो, म्हणून तो कागदावर उतरेपर्यंत रिसेटच्या बटणाला हात लावू नये. बटण दाबले की सारे पुसले जाते, आणि शनिवारी संध्याकाळी कंपनीत फोन उचलणारा सापडेलच असे नाही.

डीएचसीपीमध्ये पत्ता आपोआप मिळतो. मात्र काही केबलवाले लाइन जुन्या यंत्राच्या मॅक पत्त्याशी बांधून ठेवतात. हा बारा अंकाक्षरांचा पत्ता यंत्राच्या पाठीवर छापलेला असतो. नव्या राऊटरचा मॅक कंपनीकडे नोंदवावा, नाहीतर जुना त्यात भरावा. स्टॅटिक असेल तर आयपी, सबनेट मास्क, गेटवे आणि डीएनएस हे चारही आकडे लेखी मागून घ्यावेत. फोनवर ऐकून लिहू नयेत, एक ठिपका चुकला तरी काम अडते. फायबर असल्यास व्हीलॅन क्रमांक आहे का, आणि भिंतीवरचा डबा स्वतः लॉगिन करतो की ब्रिज मोडवर आहे, हेही विचारावे.

आता दुकानातली माहिती. विंडोजच्या संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग टाइप केले की डिफॉल्ट गेटवे दिसतो, समजा १९२.१६८.१.१. हाच राऊटरचा आतला पत्ता. बिलाचा प्रिंटर व कॅमेऱ्याचा डीव्हीआर यांना हाताने पत्ते दिलेले असतील तर तेही टिपावेत. नव्या राऊटरला जुनाच आतला पत्ता, वाय-फायचे नाव व पासवर्ड दिला तर मुनीमजींच्या प्रिंटरला काही कळतसुद्धा नाही. पण भिंतीवरचा डबाच लॉगिन करीत असून त्याचा पत्ताही तोच असेल, तर दोघांची टक्कर होते. मग राऊटरला १९२.१६८.२.१ द्यावा आणि प्रिंटरचे पत्तेही त्याप्रमाणे बदलावेत.

घरी बसून गोदामाचे कॅमेरे पाहणाऱ्यांनी आणखी एक तपासावे. राऊटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तो अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. तेथे पोर्ट फॉरवर्डिंग चालत नाही. कंपनीकडे पब्लिक आयपी मागावा आणि त्याचे वेगळे पैसे पडतात का, ते आधी ठरवून घ्यावे.