पर्यावरण अभियांत्रिकीची पदवी : खर्च आणि मोल

बारावीचा निकाल लागला की ज्या घरातील पहिलेच मूल कॉलेजात गेलेले असते, त्या घरी शेजारपाजारचे पालक सल्ला विचारायला येतात. मूल कला शाखेत असले तरी त्यांना फरक पडत नाही. या विचारपुशीत आता पर्यावरण अभियांत्रिकीचेही नाव निघते. अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने या पदवीचा जमाखर्च मांडण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

प्रथम हा अभियंता करतो काय, ते पाहू. पाणीपुरवठा, सांडपाणी, कारखान्यांतील दूषित पाणी, हवा आणि घनकचरा हे त्याचे क्षेत्र. नेरूळ, वाशी, ऐरोली, कोपरखैरणे येथील महापालिकेच्या केंद्रांत एकाच टाकीत सांडपाण्यात हवा सोडणे, गाळ खाली बसू देणे आणि वरचे निवळ पाणी काढून घेणे ही कामे ठरावीक वेळाने आळीपाळीने होतात. ऐरोली व कोपरखैरणे येथे हे पाणी आणखी शुद्ध करून ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांना देण्यासाठी प्रत्येकी दोन कोटी लिटर रोजच्या क्षमतेचे प्रकल्प उभारले आहेत. टाकी केवढी हवी, हवा किती सोडायची, गाळाचे काय करायचे, हा हिशेब या अभियंत्याचा.

मात्र या कामाला मागणी कोठून येते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. कारखानदार रंग किंवा औषध विकून पैसा मिळवतो. नाल्यात सोडलेले पाणी स्वच्छ असले म्हणून त्याला कोणी जादा दाम देत नाही. म्हणजे ही परोक्ष मागणी असून ती मुख्यतः कायद्याने निर्माण केली आहे. महाराष्ट्राने जलप्रदूषण रोखण्याचा कायदा १९६९ साली केला व १९७० साली प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. पुढे १९७४ चा केंद्रीय जल कायदा, १९८१ चा वायू कायदा आणि १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. कायदे वाढले तसे या विषयाचे क्षेत्रही वाढले.

परंतु कायदा असणे आणि तो पाळला जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीत अंगाला कारखान्यातील रंग लागून निळी झालेली कुत्री फिरताना दिसली. बोभाटा झाला आणि मंडळाने तो कारखाना बंद करायला लावला. जेथे तपासणी कडक, तेथे अभियंत्याच्या शब्दाला वजन असते. जेथे ती ढिली, तेथे तो केवळ कागदपत्रांपुरता उरतो. या पदवीतील खरी जोखीम हीच आहे.

आता खर्चाकडे वळू. समजा, खाजगी महाविद्यालयाचे शुल्क वर्षाला दीड लाख रुपये आहे. चार वर्षांचे सहा लाख होतात. एवढे कर्ज दहा टक्के व्याजाने घेऊन सात वर्षांत फेडायचे म्हटले, तर दरमहा सुमारे दहा हजारांचा हप्ता पडतो आणि शिकतानाचे व्याज सोडूनही एकूण आठ लाख सदतीस हजारांच्या आसपास भरावे लागतात. पहिला पगार पंचवीस हजार धरला, तर त्यातील दोन-पंचमांश हप्त्यातच गेले. शिवाय चार वर्षे नोकरी न केल्याने बुडालेली कमाई, म्हणजे संधी खर्च, वेगळाच. ज्या घरात एकच मिळवता हात आहे, तेथे हा आकडा सर्वांत जड असतो. त्यातच शुद्धीकरण केंद्रांतील रोजची पुष्कळ कामे पदविकाधारक आणि रसायनशास्त्राचे पदवीधर करतात. केवळ पदवीच्या नावावर त्यांच्यापेक्षा अधिक पगार मिळेल, असे मानू नये.

मग ही वाट सोडून द्यावी काय? मुळीच नाही; ती स्वस्तात कशी चालता येईल ते पाहावे. अठराव्या वर्षीच 'पर्यावरण' हे नाव पदवीवर असण्याची गरज नाही. स्थापत्य किंवा रासायनिक अभियांत्रिकीची पदवी घेतल्यास नोकरीची दारे अधिक राहतात आणि नंतर पर्यावरण विषयात एम.टेक. करता येते. मुंबईत आय.आय.टी. व व्ही.जे.टी.आय. या दोन्ही ठिकाणी ती सोय आहे. 'गेट' परीक्षेत २०२१ पासून या विषयाची स्वतंत्र प्रश्नपत्रिकाही आहे. त्या परीक्षेच्या गुणांवर प्रवेश मिळाल्यास दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळू शकते. दहावीनंतर पदविका करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेण्याचा मार्गही आहे. याशिवाय २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास व इतर मागास वर्गांतील मुलींना, केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. दाखले वेळेवर न काढल्यामुळे सवलत हातची जाऊ देऊ नये.

तेव्हा कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : सवलती वजा जाता शुल्क किती? गेल्या वर्षी उत्तीर्ण झालेल्यांना प्रत्यक्ष काय पगार मिळाला? आणि या क्षेत्रात नोकरी न मिळाल्यास दुसरीकडे ही पदवी चालेल का? तिन्ही उत्तरे समाधानकारक असतील तर पाऊल टाकावे. नसतील तर पदव्युत्तर वर्गापर्यंत थांबावे.

शेवटी एक गोष्ट आपणां कला शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी. या पदवीचे मोल कायद्याच्या अंमलबजावणीवर ठरते आणि अंमलबजावणी नागरिकांच्या जागरूकतेवर. खाडीच्या पाण्याबद्दल आपण प्रश्न विचारले नाहीत, तर ते शुद्ध करण्याचे शिक्षण घेतलेल्या आपल्याच भावंडांना काम कोण देणार?