अंगणातले मूल आणि गाफील पिता

सूरह यूसुफच्या प्रारंभी एक प्रसंग येतो. हजरत याकूब (अलै.) यांचे थोरले पुत्र वडिलांकडे येतात आणि धाकट्या यूसुफला (अलै.) उद्या आपल्याबरोबर पाठवावे, म्हणजे तो खाईल-पिईल आणि खेळेल, अशी विनंती करतात. त्यांच्या मनात काय होते ते पुढील आयतींवरून कळतेच. परंतु वडिलांचे उत्तर विचार करण्यासारखे आहे. खेळणे प्रेषिताच्या घराण्याला शोभत नाही, असे ते म्हणत नाहीत. तुम्ही त्याला नेले तर मला दुःख होईल, आणि तुम्ही त्याच्याविषयी गाफील असताना लांडगा त्याला खाईल अशी भीती वाटते, एवढेच ते सांगतात (आयत 12 व 13). खेळाला त्यांची हरकत नव्हती, हरकत होती ती गफलतीला. अनुचित गोष्टींपासून मुक्त असलेला खेळ मुलांसाठी वैध आहे, असा निष्कर्ष भाष्यकारांनी या ठिकाणी काढला आहे.

मदरशात ही सूरह शिकताना माझे सारे लक्ष लांडग्याकडे आणि पुढच्या विहिरीकडे असे. आयतीतील 'गाफिलून' या शब्दावर मी कधी थांबलो नव्हतो. हाच शब्द आपल्या मराठीत 'गाफील' होऊन इतका रुळला आहे की तो बाहेरून आला हेही कोणाच्या लक्षात येत नाही. माझी धाकटी लेक चालू लागली तेव्हा मला या शब्दाचा अर्थ उमगला.

घडले ते असे. मंगरूळपीर तालुक्यातील आमच्या गावी असरच्या नमाजनंतर मगरिबपर्यंत मला मोकळीक असते. मकतबची मुले तोवर घरी गेलेली असतात. त्या दिवशी लेकीला अंगणात सोडून मी ओसरीवर बसलो आणि मोबाईलवर एका मसल्याविषयी कोणी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर लिहू लागलो. काम दीनचेच होते, म्हणून मनाला टोचणीही नव्हती. अंगण शांत झाले आहे हे माझ्या ध्यानात आले नाही. लहान मूल शांत झाले की उठून पाहावे, हे प्रत्येक आईला ठाऊक असते, मला नव्हते. लेक फाटकाबाहेर जाऊन गुरांच्या हौदावर पोट टेकून पाण्यात वाकली होती. पाणी भरायला आलेल्या शेजारच्या भाभींनी तिला मागून उचलले. त्यांनी आरडाओरड केली नाही. तिला आणून माझ्या मांडीवर ठेवले आणि म्हणाल्या, "मौलाना, लेकराचा फ्रॉक ओला झाला, बदलून टाका." माझे हात बराच वेळ थरथरत होते.

यानंतर आम्ही जे केले ते बहुतेक घरांत होते. फाटकाला कडी लागली, लेक घरात आली आणि ती रडली की तोच मोबाईल तिच्या हाती जाऊ लागला. लांडग्याच्या भीतीने मूल कोंडले गेले. दोन महिन्यांत तिची झोप बिघडली, जेवताना समोर चित्रे हलल्याशिवाय ती तोंड उघडेना, आणि कडेवर घेतले तरी ती अंग ताठ करी. तेव्हा मी ती आयत पुन्हा उघडली. लांडगा आहे म्हणून रान बंद करा, असे तिथे म्हटलेले नाही. चिंता सोबत जाणाऱ्यांच्या बेसावधपणाची आहे. म्हणजे दोष अंगणाचा नव्हता, हौदाचाही नव्हता. तो ओसरीवर बसलेल्या माणसाचा होता.

मग पिता सावध असतो म्हणजे काय करतो? काठी घेऊन पहारा देतो काय? याचे उत्तर मला सुनन इब्ने माजामधील एका हदीसमध्ये मिळाले. हजरत यअला बिन मुर्रा (रजि.) सांगतात की ते प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासोबत एका भोजनाच्या आमंत्रणाला निघाले होते. वाटेत हजरत हुसैन (रजि.) गल्लीत खेळत होते. प्रेषित (स.) सोबतच्या लोकांना मागे ठेवून पुढे गेले आणि त्यांनी आपले दोन्ही हात पसरले. बाळ कधी इकडे पळे, कधी तिकडे. प्रेषित (स.) त्याला हसवत राहिले आणि शेवटी त्याला धरले. एक हात हनुवटीखाली व दुसरा मानेमागे ठेवून त्यांनी त्याचे चुंबन घेतले.

या हदीसमधील तपशील सावकाश पाहावेत. प्रसंग घरातला नाही, भर रस्त्यातला आहे. सोबत लोक आहेत, पुढे यजमान वाट पाहत असणार. प्रेषितांनी (स.) बाळाला हाक मारून बोलावले नाही, ते स्वतः पुढे गेले. आणि पहिल्याच झेपेत त्याला पकडले नाही. दोन पावलांत हाती येणाऱ्या मुलाला पळू देणे, आपण हुकल्यासारखे करणे, त्याच्या हसण्यासाठी थांबणे, हे सर्व त्या थोड्या शब्दांत आले आहे. मूल खेळवलेल्या कोणालाही ते ओळखू येईल.

मी लेकीला घेऊन रोज असरनंतर बाहेर पडू लागलो, तेव्हा गावात कुजबुज झाली. पेशइमाम पोरीमागे गल्लीत धावतो, कुर्त्याला मातीचे हात लागलेले असतात. एका बुजुर्ग चाचांनी मला बाजूला घेतले. "मौलाना, राग मानू नका. इमामाचा वकार असतो. तुम्ही तर पोरीच्या मागे बकरीसारखा आवाज काढत होता." ते माझ्या वडिलांच्या वयाचे, आणि त्यांचा हेतू भला होता. मी त्यांना वरील हदीस सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पण ते तर नवासे होते, मुलगा होता. ही पोरगी आहे." त्यांनी जे बोलून दाखवले ते अनेकांच्या मनात असते. मुलगा चालू लागला की ओट्यावरून रस्त्यावर येतो. मुलगी दोन वर्षांची असली तरी 'ऊन लागेल, रंग काळवंडेल, सवय लागेल' म्हणून उंबऱ्याच्या आत राहते. आमच्या घरीही दादींचे हेच म्हणणे होते.

सहीह बुखारीत उम्मे खालिद (रजि.) यांचे कथन आहे. त्यांचा जन्म हबशा, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या प्रदेशात, हिजरत करून गेलेल्या कुटुंबात झाला होता. लहानपणी पिवळा सदरा घालून त्या वडिलांबरोबर प्रेषितांकडे (स.) आल्या. प्रेषितांनी (स.) त्या सदऱ्याचे कौतुक केले, आणि तेही अरबीत नव्हे, तर 'सुंदर' या अर्थाच्या हबशी शब्दाने. ज्या भूमीत ती मुलगी जन्मली होती तिथलाच शब्द त्यांनी उचलला. मग ती मुलगी त्यांच्या पाठीवरील नबुवतच्या मोहोरेशी खेळू लागली. वडिलांनी तिला दटावले. प्रेषितांनी (स.) वडिलांना थांबवले आणि तिला खेळू द्या असे सांगितले. मुलगी खेळत आहे, पिता रागावत आहे, आणि दुरुस्ती पित्याची होत आहे. प्रेषितांची (स.) नात उमामा (रजि.) हिला तर त्यांनी नमाजमध्ये खांद्यावर घेतले. सजद्यात जाताना ते तिला खाली ठेवत आणि उभे राहताना पुन्हा उचलत. बुखारी व मुस्लिम दोहोंत ही हदीस आहे. चाचांना हेही सांगितले. त्यांनी मान्य केले असे म्हणत नाही. पण आता ते मशिदीच्या ओट्यावरून माझ्या लेकीला आवळे देतात.

येथे थोडे विषयांतर. हजरत अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर नुकताच दूध सुटलेल्या वयाचा होता. त्याचा एक चिमुकला पक्षी होता, 'नुगैर' जातीचा. तो मेला आणि बाळ उदास झाले. प्रेषितांनी (स.) त्याला पक्ष्याविषयी विचारले ते त्याच्या नावाचे आणि पक्ष्याच्या नावाचे यमक जुळवून. या एका छोट्या हदीसमधून इब्नुल कास या शाफई विद्वानाने साठहून अधिक मुद्दे काढून एक पुस्तिका लिहिली. मी मराठीचा विद्यार्थी. मला त्यातला यमकाचाच मुद्दा अधिक प्रिय आहे. बाळाचे दुःख लहान नसते, आणि त्याच्याशी बोलायचे तर त्याच्या कानाला गोड लागेल असे बोलावे लागते.

व्यवहाराच्या बाजूने काही सांगितले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटे हालचाल करावी, असे त्यांत म्हटले आहे. एक वर्षाच्या मुलाला पडदा मुळीच दाखवू नये आणि दोन वर्षांनंतर तासाभराहून अधिक नको. तीन तास ऐकून घाबरू नये. अंगणात सोडलेले मूल ते सहज पूर्ण करते. त्याला मैदान लागत नाही. आमच्या लेकीला एक टमरेल, काळी माती आणि शेजारच्या बकरीचे करडू एवढे पुरते. निंबोळ्या पडू लागल्या की त्या वेचून एका खड्ड्यातून दुसऱ्या खड्ड्यात नेण्यात ती तास घालवते. 'अंगणवाडी' हा शब्दच पाहा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडला जे बालशिक्षणाचे काम केले, त्यात मुले शाळेपर्यंत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. आज गावोगाव अंगणवाडी आहे; घरापुढचे अंगण मात्र गाडी लावण्यासाठी उरले आहे.

वाशिमचे ऊन सर्वांना ठाऊक आहे. एप्रिल-मेमध्ये मुलांना फजरनंतर आणि असरनंतरच बाहेर न्यावे. मगरिबला परत आणावे, कारण रात्र पडू लागताच मुलांना आत घ्या आणि घटकाभराने सोडा, अशी आज्ञा हदीसमध्ये आहे. आपल्या रानात विंचू-साप निघण्याची वेळही तीच. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टर गल्लीत मागे-पुढे होत असतात, आणि चालकाला मागे बसलेले दोन वर्षांचे मूल दिसत नाही. चंद्रज्योतीच्या व एरंडाच्या बिया आणि धोतऱ्याची फळे विषारी असतात; कुंपणाला ती असतील तर उपटून टाकावीत. फवारणीचे रिकामे डबे पाणी भरण्यासाठी घरात आणू नयेत. आणि हौदाला झाकण करावे. आम्ही केले, पण उशिरा.

भगिनी विचारतात की मुलीचे मातीचे हात कपड्यांना लागतात, मग नमाज कशी अदा करावी? माती पाक आहे. ती मळ आहे, नजासत नाही. वाळली की झटकून टाकावी. रस्त्यावरील चिखलही, त्यात नजासत स्पष्ट दिसत नसेल तर, आपल्या फुकहांनी माफ ठरवला आहे. बाळाचे मूत्र लागले असेल तर तेवढा भाग धुवावा, पूर्ण पोशाख बदलण्याचा त्रास घेऊ नये. कपडे खराब होतात या कारणावरून मूल घरात ठेवले जात असेल, तर त्या कारणाला शरीअतचा आधार नाही.

इमाम गजाली (रह.) यांनी इह्याउल उलूममध्ये मकतबमधून सुटलेल्या मुलाला खेळू देण्याविषयी लिहिले आहे. खेळ रोखून सतत शिक्षणाचा भार दिला तर मुलाचे मन मरते आणि बुद्धी मंद होते, असे ते म्हणतात. हे थोड्या मोठ्या मुलांबद्दल आहे. आमच्या मकतबच्या वेळापत्रकात त्यासाठी मी अर्धा तास काढला, त्याबद्दल पुन्हा कधी लिहीन.

असरनंतर आता माझा मोबाईल मशिदीच्या कपाटात राहतो. मसला विचारणारे मगरिबनंतर येतात, कोणाची तक्रार नाही. काल लेकीने नवीन खेळ काढला. ती टमरेलातले पाणी माझ्या पायांवर ओतते आणि मी दचकलो पाहिजे. मी चौदा वेळा दचकलो. पंधराव्या वेळी अजान झाली. तिला कडेवर घेतले तेव्हा तिने टमरेल सोडले नाही, आणि उरलेले पाणी वुजूच्या जागेपर्यंत माझ्या पाठीवर सांडत गेले.