मशीनवरची चिठ्ठी

परवा एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. सिव्हिलची, गेटचा स्कोर चांगला, हातात एका बांधकाम कंपनीचं ऑफर लेटर. "सर, पीएचडी करू का?" आतून बायको म्हणाली, "यांना नको विचारूस, रात्र होईल." रात्र झालीच. त्या रात्री जे बोललो ते इथे जमेल तसं उतरवतो आहे.

मी बीई झालो २००३ साली. नोकरी मिळेना म्हणून एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात लेक्चरर झालो, शिकवता शिकवता एमई केलं. पुढे सगळेच म्हणायला लागले की पीएचडीशिवाय असोसिएट प्रोफेसर होता येत नाही. ते खरंच आहे; असिस्टंट प्रोफेसरला एमई-एमटेक पुरतं, वरच्या पायरीला पीएचडी लागते. म्हणून २०११ साली, तिशीत, नोकरी सांभाळून नोंदणी केली. विषय मला आवडतो म्हणून नव्हे, बढतीसाठी. पहिली चूक हीच, पण ती त्या वेळी शहाणपणा वाटत होती.

दुसरी चूक गाइड निवडताना. सर नावाजलेले होते, पुस्तकं होती, परिषदांना अध्यक्ष असायचे. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत हे मला ठाऊक होतं. "सर आहेत, सांभाळून घेतील" असं मी धरून चाललो. २०१३ ला सर निवृत्त झाले. गाइड बदलायचा अर्ज, समितीची बैठक, कोरम नाही म्हणून पुढची बैठक, यात चौदा महिने गेले. नवे गाइड भले गृहस्थ, पण त्यांचा विषय माती आणि माझा काँक्रीट. आता २०२२ च्या यूजीसी नियमांनी निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिलेल्या प्राध्यापकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. बरं झालं. पण तीन वर्षं ही पीएचडीची किमान मुदत आहे, आणि प्रयोगाच्या कामाला पाच कुठे गेली ते कळत नाही. त्यामुळे हिशेब आपला आपणच करायचा.

काम होतं जिओपॉलिमर काँक्रीटचं. सिमेंटऐवजी औष्णिक वीज केंद्राची राख घ्यायची, ती कॉस्टिक सोडा आणि सोडियम सिलिकेटने बांधायची. सोडा पाण्यात विरघळवला की टब इतका तापतो की हातमोज्यातूनही चटका बसतो, म्हणून द्रावण आदल्या दिवशी करून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी लेक्चर संपवून पाचनंतर ठोकळे भरायचे आणि चोवीस तास साठ अंशांवर ओव्हनमध्ये ठेवायचे. एक ठोकळा आठ किलोचा. लॅबचा शिपाई साडेपाचला कुलूप लावायला यायचा. त्याला वडापाव खाऊ घालून अर्धा तास मिळवायचो.

पहिल्या खेपेला ताकद आली ३८ मेगापास्कल. चार महिन्यांनी तेच मिश्रण, तोच ओव्हन, आणि ताकद २४. महिनाभर डोकं खाजवलं. शेवटी कळलं, राख दुसऱ्या खेपेची होती. कोळसा बदलला, बॉयलरवरचा भार बदलला की राखेची बारीकी आणि रसायन दोन्ही बदलतात. सगळ्या प्रबंधाला पुरेल एवढी राख पहिल्याच दिवशी आणून पिंपात बंद करून ठेवायला हवी होती. हे पुस्तकात नसतं. लॅबमध्ये आधीपासून काम करणारा एखादा पोरगा असता तर त्याने दोन मिनिटांत सांगितलं असतं. माझ्याआधी तिथे कुणीच नव्हतं, आणि असं ओस संशोधन केंद्र निवडणं ही तिसरी चूक.

पण खरा घाव २०१७ चा. प्रबंधाआधीच्या सादरीकरणात बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी आलेख बघितले, चष्मा काढला आणि विचारलं, "मशीनचं कॅलिब्रेशन कधीचं?" ठोकळे दाबून फोडायच्या मशीनवर तारखेची छोटी चिठ्ठी चिकटवलेली असते, ती दर वर्षी बदलायची असते. आमच्या मशीनवरची २००९ ची होती. तिच्यासमोर रोज उभा राहून मी आकडे लिहीत होतो आणि ती कधी वाचली नव्हती. माणूस बोलावून तपासलं तर वरच्या भाराला मशीन नऊ टक्के जास्त दाखवत होतं. एकशेवीस ठोकळे पुन्हा भरले. जवळजवळ एक टन काँक्रीट, संध्याकाळी पाचनंतर.

मधल्या काळात पेपर हवेत म्हणून पैसे भरून चार दिवसांत छापणाऱ्या नियतकालिकांत दोन पेपर दिले होते. पुढे एका मुलाखतीत पॅनेलवरच्या बाईंनी ती यादी वाचली आणि काही न बोलता पान उलटलं. त्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. आता यूजीसीने प्रबंधाआधी पेपरची सक्ती काढली आहे, पण मुलाखतीतलं पान उलटायचं कुणी थांबवलेलं नाही.

पदवी मिळाली २०२० ला. मौखिकी स्क्रीनवर झाली. पेढे शेजाऱ्यांच्या उंबऱ्यावर ठेवून घंटी वाजवून मागे सरायचो. तोवर आमच्या सिव्हिलच्या जागा रिकाम्या राहायला लागल्या होत्या आणि जूनमध्ये आम्ही मास्तर मंडळी ज्युनियर कॉलेजांच्या फाटकावर पत्रकं वाटत होतो. असोसिएटची जागा निघालीच नाही.

मग मी तिला करू नकोस म्हणालो का? नाही. करायची तर आत्ता, पूर्णवेळ, फेलोशिप घेऊन कर. एमटेकला गेटवाल्यांना महिना १२,४०० मिळतात, त्यात शहरात राहणं कठीण. पण आयआयटी-एनआयटीत पूर्णवेळ पीएचडीला जानेवारी २०२३ पासून ३७,००० आणि दोन वर्षांनी ४२,००० आहेत. कंपनीच्या पगाराशी तुलना केलीस तर रडशील. नोकरी सांभाळून रात्री संशोधन करणाऱ्याशी केलीस तर तू राणी आहेस. आणि नोकरीत अडकलेल्यांनी आधी क्यूआयपीची चौकशी करावी. पगार चालू ठेवून मोठ्या संस्थेत पाठवणारी ही एआयसीटीईची योजना १९७० पासून आहे. मी तिचं नाव ऐकलं ते पदवी मिळाल्यावर.

गाइडला भेटण्याआधी त्यांच्या विद्यार्थ्यांना भेट, तेही कँटीनमध्ये, लॅबमध्ये नाही. सर किती दिवसांनी मसुदा वाचतात, एवढा एकच प्रश्न विचार. बाकीचं ते आपणहून सांगतील. शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर त्या गाइडचं नाव टाक. बऱ्याच प्रबंधांच्या नोंदीत नोंदणीचं आणि पूर्ण झाल्याचं साल असतं, वजाबाकी आपण करायची. अर्धवट सोडून गेलेले तिथे दिसत नाहीत, त्यासाठी पुन्हा कँटीन.

ती वहीत लिहून घेत होती. जाताना म्हणाली, "आणि मशीनवरची चिठ्ठी."

पंधरा दिवसांनी तिचा फोटो आला. कुठल्याशा लॅबमधलं मशीन, त्यावर या मे महिन्याची तारीख. खाली लिहिलं होतं, "सर, तीन जणांशी बोलले, मसुदा दहा दिवसांत वाचतात. पण रिटायरमेंट चार वर्षांवर आहे. चालेल?"

मी बोटं मोजायला लागलो.