चाकाचा रंग फुगतो कशामुळे?

प्रश्न : आमच्याकडे वडिलांची १९९६ सालची मारुती ८०० आहे. चाकांच्या लोखंडी डिस्क गंजल्या होत्या. गेल्या दिवाळीत मी त्या घासल्या, रेड ऑक्साइड मारला आणि वर चंदेरी स्प्रे केला. यंदा गणपतीपर्यंत रंगाला फोड येऊन पापुद्रे निघू लागले. हे काम घरी नीट होतं का, की नव्या डिस्क घ्याव्यात? (एक वाचक, गुहागर)

उत्तर : घरी होतं, आणि कित्येक वर्षं टिकेल असं होतं. तुमच्या स्प्रेमध्ये दोष असण्याची शक्यता कमी आहे. समुद्राकाठच्या गावात असे फोड येतात ते बहुतेक वेळा रंगाखाली राहिलेल्या मिठामुळे.

खाऱ्या वाऱ्यातलं मीठ डिस्कवर बसतं, ओल धरून ठेवतं आणि पत्र्याला बारीक खड्डे पाडतं. या खड्ड्यांच्या तळाशी, गंजाच्या खाली, क्षार दडून राहतात. वरचा पत्रा घासून चकचकीत झाला तरी पॉलिश पेपर तिथवर पोचत नाही. त्यावर रंग चढतो. रंगाचा थर आपल्याला अभेद्य वाटतो, पण पाण्याची वाफ त्यातून हळूहळू आत जाते. आत मीठ असेल तर ते पाणी ओढून घेतं, थेंब साठतो, दाब वाढतो आणि रंग फुगतो. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं, तीच ही ओढ.

म्हणून या कामात घासण्याइतकंच धुण्याला महत्त्व आहे. घासायला घेण्याआधी साबणाने वंगण आणि टायर पॉलिश पूर्ण काढा, नाहीतर पॉलिश पेपर तेच खड्ड्यांत भरत जातो. टायर पॉलिशमधलं सिलिकॉन राहिलं, तर नवा रंग तिथे धरत नाही, गोल खळगे पडतात. मग तारेचा ब्रश, ८० नंबरचा पेपर आणि भरपूर गोडं पाणी. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते वापरू नका. पागोळीचं साठवलेलं पाणी उत्तम. धुऊन, उन्हात कडक वाळवून डिस्क रात्रभर तशीच ठेवा. सकाळी खड्डे काळपट आणि ओलसर दिसले, तर मीठ अजून आत आहे. पुन्हा ब्रश, पुन्हा पाणी. हे दोन-तीनदा करावं लागेल आणि कंटाळाही येईल, पण रंगाचं आयुष्य इथेच ठरतं.

तरीही चिवट गंज उरला, तर रस्ट कन्व्हर्टर लावता येतं. काहींत फॉस्फरिक आम्ल असतं, काहींत टॅनिन. टॅनिन गंजाशी मिळून निळसर काळा थर होतो. हिरडा आणि हिराकस यांची जुनी काळी शाई याच रसायनावर होत असे. मिठावर मात्र कन्व्हर्टरचा इलाज चालत नाही. ते पाण्यानेच जायला हवं.

रेड ऑक्साइडवर आपल्याकडे फार विश्वास आहे. त्यातला तांबडा रंग म्हणजे लोहाचं ऑक्साइड. तो गंज थांबवत नाही. थांबवतात ती सोबत घातलेली जस्ताची संयुगं. झिंक क्रोमेट त्या कामात तरबेज, पण त्यातलं क्रोमियम कर्करोगकारक आहे. तुमच्या प्रायमरमध्ये ते असू शकतं, म्हणून आताचा थर काढताना कोरडा घासू नका. पाणी लावून घासा, मास्क वापरा, निघालेला गाळ परसात फेकू नका. नवं काम झिंक फॉस्फेटच्या किंवा दोन भाग मिसळून वापरायच्या इपॉक्सी प्रायमरवर करा. हार्डनर मिसळून फवारायचे पीयू रंग घरी नकोत. त्यांतले आयसोसायनेट फुफ्फुसांना घातक असतात आणि साधा मास्क पुरत नाही.

वेळही सांभाळा. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रंगाला हात लावू नका, म्हणजे तुमच्याकडचा पावसाळा गेलाच. थंडीत सकाळी लोखंडावर न दिसणारं दव असतं. उन्हं वर आल्यावर, सावलीत, दुपारी ११ ते ३ या वेळात काम करा. डबा २०–२५ सेंटिमीटर लांब धरून पातळ हात मारा. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात कधीही चांगले.

आता मला सर्वांत कळकळीने सांगायची गोष्ट : कुठे रंग लावायचा नाही. नट बसतात त्या निमुळत्या कडा, आणि डिस्क हबला चिकटते ती मागची सपाट बाजू. तिथे रंगाचा जाड थर राहिला, तर गाडी चालताना तो दबतो, झिजतो आणि घट्ट केलेले नट सैल पडतात. चाक निघून येण्यापर्यंत मजल जाऊ शकते. या जागा मास्किंग टेपने झाका. टायर बसतो ती कड नीट साफ करा, पण तिथेही प्रायमरचा पातळ हात पुरे. ती खडबडीत राहिली तर ट्यूबलेस टायरची हवा हळूहळू जाते. टायर पंक्चरवाल्याकडून उतरवून घेणं बरं. तेवढं जमत नसेल, तर हवा सोडून टायरची कड दाबा आणि रिमच्या फटीत जुन्या कॅटातले पत्ते गोल खोचा. रंग टायरवर जाणार नाही, पण आतली कड अर्थातच राहून जाईल. स्टेपनी लावून एकेक चाक करत गेलात, तर गाडी अडून राहणार नाही.

नव्या डिस्कचा निर्णय मात्र रंगाआधी घ्या. उघडा पत्रा उजेडात फिरवून पाहा. तडा, लांबट झालेली नटांची भोकं, वाकलेली कड किंवा भोकांभोवती खोल खड्डे दिसले, तर ती डिस्क बाद. तडा वेल्डिंग करून घेऊ नका. त्याच मापाची १२ इंची डिस्क शोधा.

रंग आठवडाभर मुरू द्या, मगच टायर चढवा आणि बॅलन्सिंग करून घ्या. चारही नट समोरासमोरच्या जोड्यांनी आवळा, आणि ५० ते १०० किलोमीटर गाडी चालल्यावर पुन्हा एकदा पाना लावून पाहा.