संगणक तापून बंद पडतो तेव्हा

शाळेतील संगणक सुरू केल्यावर पंधरा-वीस मिनिटे नीट चालतो आणि मग एकाएकी त्याचा पडदा काळा होतो, ही तक्रार शिक्षकबंधूंकडून वारंवार ऐकू येते. पुष्कळजण त्याचे खापर व्हायरसवर फोडतात. आपल्या जिल्ह्यातील एका शाळेत ह्याच समजुतीपायी विंडोज दोनदा नव्याने भरण्यात आले. तरीही यंत्र बंद पडू लागले, तेव्हा ते फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवले गेले. दोन वर्षे ते तेथेच राहिले. त्या अवधीत सातवी उत्तीर्ण होऊन गेलेल्या मुलांचा हात संगणकाला लागलाच नाही. पुढे पेटी उघडली, तेव्हा पंखा व त्याखालील धातूचा ठोकळा यांच्या मध्ये धानाच्या कोंड्याचा नमद्यासारखा थर बसलेला आढळला. रंगाच्या कुंचल्याने तो काढताच यंत्र पूर्ववत् चालू लागले.

संगणकाच्या आत प्रोसेसर नावाची एक लहानशी चकती असते. काम करताना ती साधारणपणे 65 वॅटपर्यंत वीज घेते आणि ती जवळजवळ सर्व उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकते. जुन्या 60 वॅटच्या दिव्याला हात लावून पाहिलेल्यास ही उष्णता किती, हे निराळे सांगावयास नको. ती वाहून नेण्यासाठी चकतीवर ॲल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा, म्हणजे हीटसिंक, बसविलेला असतो व त्यावर पंखा असतो. (उष्णतेचा हा प्रश्न नवा नव्हे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक संगणकात सुमारे 2,700 निर्वात नलिका होत्या, आणि अशा नलिका तापल्यावाचून कामच करीत नाहीत.) चकतीचे तापमान 100 अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचू लागले की यंत्र प्रथम आपला वेग कमी करते, तेवढ्याने न भागल्यास स्वतःची वीज तोडते. म्हणजे, हे बंद पडणे मुळात यंत्राने केलेला स्वतःचा बचाव होय.

पंखा हवेला थंड करीत नाही, केवळ हलवितो. आपल्याला पंख्याखाली गार वाटते ते घाम वाळतो म्हणून. धातूच्या ठोकळ्याला घाम येत नाही. म्हणून चकती खोलीच्या हवेपेक्षा नेहमी काही अंश अधिक गरमच राहणार. समजा, हा फरक 40 अंशांचा आहे. पौषात खोली 18 अंशांवर असता चकती 58 वर राहील; तेच काम वैशाखात 42 अंशांच्या खोलीत केले, तर ती 82 वर जाईल. त्यात कोंड्याने पात्यांमधील वाट बुजली की फरक 40 चा 60 होण्यास वेळ लागत नाही. हे उदाहरण वर्गात फळ्यावर अवश्य सोडवून घ्यावे.

आपला जिल्हा धानाचा. दिवाळीच्या सुमारास खळ्यावर धान चुरणे सुरू झाले की सूक्ष्म तूस गावभर उडते. जेथे राइस मिल शाळेजवळ आहे, तेथे ते बारमाही असते. शहरातील माहितीपत्रकात वर्षातून एकदा सफाई करण्यास सांगितले असेल, पण ते आपल्याला पुरेसे नाही. चुरणी आटोपल्यावर एकदा व उन्हाळा लागण्यापूर्वी एकदा, अशी दोनदा सफाई करावी.

परंतु दोष उष्णतेचाच आहे की विजेचा, हे आधी ठरविले पाहिजे. थंड यंत्र वीस मिनिटे चालते, बंद पडताच पुन्हा सुरू केल्यास दोनच मिनिटांत बंद पडते, आणि अर्धा तास विश्रांती दिल्यावर परत वीस मिनिटे चालते, असा क्रम असल्यास दोष उष्णतेचा समजावा. काळवेळ न पाहता, विशेषतः शेजारचा कृषिपंप सुरू होताच ते बंद पडत असेल, तर वीजदाब तपासावा. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ 2 ही कळ दाबून बायोसमध्ये गेल्यास बहुतेक यंत्रांत चकतीचे तापमान व पंख्याचे दर मिनिटाचे फेरे दिसतात. तेथे काहीही काम चालू नसता तापमान चढत 80 च्या वर गेले, तर शंकेस जागा उरत नाही.

सफाईपूर्वी यंत्र बंद करून तार भिंतीतून काढावी आणि पंधरा मिनिटे थांबावे. पेटीची बाजूची पत्र्याची झडप उघडून आतील उघड्या धातूला हात लावावा, म्हणजे अंगावरील स्थिर विद्युत उतरते. काम ओसरीत करावे. पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे व मऊ, कोरड्या कुंचल्याने पात्यांमधील तूस सोडवावे. मग सायकलच्या पंपाने हवा मारावी. तोंडाने फुंकू नये, थुंकीचा ओलावा आत जातो. ओले फडके तर नकोच. ठोकळ्याचे चारही पाय पक्के बसले आहेत ना, हे हलकेच दाबून पाहावे. यंत्राची ने-आण झाली असल्यास एखादा पाय हमखास सुटलेला असतो. पंखा फिरताना अडखळत असेल, तर तो बदलावा. त्याला तेल देत बसण्यात अर्थ नाही.

एवढे करूनही तापमान उतरले नाही, तर चकती व ठोकळा यांमधील लेप वाळला असावा. ठोकळा काढून जुना लेप स्पिरिटने पुसावा व तुरीच्या दाण्याएवढा नवा लेप मध्यभागी ठेवावा. अधिक लावल्याने अधिक गारवा मिळतो, हा भ्रम आहे. ज्यांना सवय नाही, त्यांनी हे काम जाणत्याकडून करवून घ्यावे.

काही शाळांत झडप कायमची उघडी ठेवून यंत्र चालवितात. दोन दिवसांची अडचण असेल तर ते क्षम्य. एरवी तूस, पाली आणि मुलांची बोटे तिन्ही आत जातात. यंत्र भिंतीपासून वीतभर दूर असावे, वापरताना कापडी आच्छादन पूर्ण काढावे, आणि कूलरचा ओला झोत त्यावर कधीही सोडू नये. वीज घेणारी आतली लहान बंद पेटी, जिला पॉवर सप्लाय म्हणतात, ती मात्र कोणीही उघडू नये; तार काढल्यानंतरही तिच्यात जीवघेणा विद्युत्भार राहू शकतो. तिच्या जाळीवरील धूळ बाहेरूनच कुंचल्याने झाडावी.