प्रत्येक रंगाला त्याचा घट

निरभ्र दुपारी दर चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊन पडते. गच्चीवरच्या चांगल्या सौर पॅनेलमधून त्यातले २०० ते २३० वॅटच विजेच्या रूपाने बाहेर पडतात. उरलेले जातात कोठे?

वही-पेन्सिल घ्या. प्रकाशाच्या नॅनोमीटरमधील तरंगलांबीने १२४० ला भागले की एका फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते. सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉन मोकळा करण्यास १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. ४०० नॅनोमीटरच्या जांभळ्या फोटॉनजवळ ३.१ असतात. फार तर १.१२ कामी येतात, बाकीच्या १.९८ ची नुसती उष्णता होते. उलट, १३०० नॅनोमीटरच्या अवरक्त फोटॉनजवळ असतात जेमतेम ०.९५. तो सिलिकॉनमधून आरपार निघून जातो! असाच हिशेब शॉकली आणि क्वाइसर यांनी १९६१ साली मांडला. साध्या उन्हात एकाच पदार्थाच्या घटाची मर्यादा त्यातून सुमारे ३३ टक्के येते. कारागीर कितीही कुशल असो, ती ओलांडता येत नाही.

मग प्रत्येक रंगाला त्याच्या मापाचा घट द्यावा, हे ओघानेच आले. त्यासाठी निरनिराळ्या पदार्थांचे थर एकावर एक रचतात : वरचा निळा प्रकाश टिपतो, खालचे तांबडा आणि अवरक्त. किंवा मध्ये अशी गाळणी ठेवतात, की जी वर्णपटाचा एक पट्टा परावर्तित करते आणि बाकीचा पुढे जाऊ देते. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाने २०१४ मध्ये दोन्ही युक्त्या एकत्र करून ४० टक्क्यांचा पल्ला ओलांडला.

पण गॅलियम, इंडियम यांचे हे घट फार महाग. म्हणून घट लहान करायचा आणि भिंग मोठे! दीपगृहांसाठी फ्रेनेलने योजलेले खाचांचे चपटे भिंग येथे उपयोगी पडते. ५०० चौरस सेंटिमीटरवरचे ऊन १ चौरस सेंटिमीटरवर आणले, तर त्या नखाएवढ्या जागेवर ५० वॅट पडतात. प्रवाह वाढतोच, शिवाय घटाचे व्होल्टेजही थोडे वाढते. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या चार थरांच्या घटाने २०२२ मध्ये ६६५ पट प्रकाशात ४७.६ टक्के कार्यक्षमता दाखवली.

मग असे घट आपल्या गच्चीवर का नाहीत? उन्हात भिंगाने कागदावर ठिपका पाडा (तो जळू देऊ नका!) आणि हात न हलवता पाहत राहा. दोन मिनिटांत ठिपका स्वतःच्या रुंदीइतका सरकतो. म्हणून भिंगाला दिवसभर सूर्यामागे फिरवणारे यंत्र हवे आणि घट थंड ठेवण्याची सोयही. त्यात सिलिकॉनचे पॅनेल आता स्वस्त झाले आहे. आषाढातल्या ढगाळ दिवशी हाच प्रयोग पुन्हा करा. पसरलेल्या प्रकाशाचा ठिपका पडणारच नाही. साधे पॅनेल मात्र त्या दिवशीही थोडी वीज देत असते.