परकीय सायबर धोके आणि शासनाचे तातडीचे अधिकार

भारताला जगाशी जोडणाऱ्या अनेक सागरी केबल चेन्नईच्या किनाऱ्यावर येतात. याच जाळ्यावर आपला व्यापार चालतो आणि याच वाटेने परकीय हल्लेखोरही शिरू शकतो. 2019 मध्ये तामिळनाडूतीलच कुडनकुलम अणुऊर्जा प्रकल्पाच्या प्रशासकीय कामाच्या एका संगणकात मालवेअर आढळले. संयंत्राची अंतर्गत यंत्रणा त्यापासून अलग होती व तिला बाधा पोहोचली नाही, असे अणुऊर्जा महामंडळाने स्पष्ट केले.

अशा प्रसंगी माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 मधील पुढील तरतुदी महत्त्वाच्या ठरतात :

1) कलम 70ब : 'सर्ट-इन' ही राष्ट्रीय संस्था इशारे व निर्देश देते. तिच्या 2022 च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे.

2) कलम 69अ : सार्वभौमत्व, संरक्षण, राज्याची सुरक्षितता आदी कारणांसाठी संकेतस्थळ वा अॅप बंद करता येते. तातडी असल्यास 2009 च्या नियमावलीतील नियम 9 अन्वये सचिव सुनावणीपूर्वीच अंतरिम आदेश देऊ शकतात. 29 जून 2020 रोजी 59 अॅपवर याच कलमाखाली बंदी आली.

तथापि हा अधिकार अनिर्बंध नाही. कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि प्रकरण 48 तासांत समितीपुढे ठेवावे लागते. समितीची शिफारस विचारात घेऊन सचिवांनी मान्यता न दिल्यास अंतरिम आदेश रद्द होतो. श्रेया सिंघल खटल्यात (2015) सर्वोच्च न्यायालयाने कलम 69अ वैध ठरवताना अशा संरक्षक तरतुदींची दखल घेतली.

विद्यार्थ्यांनी या अधिकारांची अनुच्छेद 352 खालील आणीबाणीशी गल्लत करू नये. हे अधिकार कायद्याने दिलेले असून आणीबाणीच्या घोषणेविनाही वापरता येतात. म्हणूनच त्यांवरील मर्यादांचे महत्त्व अधिक आहे.